मुहर्रकमधला निवांत शेवटचा दिवस
(वाचनपाठ : मोठा गट. पालकांनी हा पाठ मुलांबरोबर मोठ्याने वाचावा.)



मार्च महिना आला की आपल्या वर्गातली एक-दोन बाके रिकामी होतात. शाळेचे वर्ष संपते, कुणाच्या बाबांचा करार संपतो आणि एखादे कुटुंब सामान बांधून भारतात परत जाते. या वर्षी आमच्या गटातली एक मैत्रीण गेली. तिचा जन्म बहरीनचाच. अ-आ-इ-ई ती आपल्या वर्गातच शिकली. आता ती सांगली जिल्ह्यात, आजी-आजोबांच्या गावी राहायला गेली आहे.

त्यांचे विमान शनिवारी रात्री उशिराचे होते. मोठे सामान आधीच रवाना झाले होते. घराच्या किल्ल्या मालकाला देऊन झाल्या होत्या. त्यामुळे एक अख्खा दिवस मोकळा उरला. बाई म्हणाल्या, "मग आजचा वर्ग मुहर्रकला भरवू. डबे घ्या, वही घ्या आणि घाई घरी ठेवून या."

काका हसून म्हणाले, "बारा वर्षे झाली इथे येऊन. पण मुहर्रक म्हणजे विमानतळ, एवढेच आम्हांला ठाऊक!"

खरे तर आमचेही तसेच होते. मनामाहून पूल ओलांडायचा, विमानतळावर कुणाला तरी आणायला किंवा सोडायला जायचे आणि परत यायचे. त्याच बेटावर बहरीनची जुनी राजधानी आहे, हे पुस्तकात वाचले होते, पण पायी फिरून कधी पाहिले नव्हते. म्हणून त्या दिवशी आम्ही जे पाहिले, ऐकले आणि शिकलो, ते या पाठात लिहीत आहोत.

१. वारा पकडणारे घर

सकाळी साडेनऊला आम्ही शेख ईसा बिन अली यांच्या घरी पोहोचलो. शेख ईसा १८६९ साली बहरीनचे शासक झाले. बाहेरून पाहिले तर जाड, पांढऱ्या भिंती. खिडक्या फार थोड्या. आत गेलो आणि काकू म्हणाल्या, "अरे, हा तर चौकांचा वाडा!" आपल्याकडच्या वाड्यात जसा मधे चौक आणि भोवती खोल्या असतात, तशीच इथली मांडणी आहे. असे चार चौक आहेत. पाहुण्यांचा भाग वेगळा, घरच्यांचा वेगळा.

भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांच्या आहेत, वर गिलावा चुन्यासारख्या जिप्समचा. बहरीनमध्ये इमारती लाकडाची मोठी झाडे फारशी नाहीत. मग छताला लाकूड कुठून आणणार? त्या काळी या भागातल्या घरांसाठी बारीक वासे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येत आणि सागवान भारतातून. म्हणजे आपल्याआधी आपले लाकूड इथे येऊन राहिले होते.

घरावर एक उंच चौकोनी मनोरा आहे. त्याला 'बादगीर' म्हणतात. हा शब्द फारसी आहे : बाद म्हणजे वारा, गीर म्हणजे पकडणारा. वरच्या झरोक्यांतून वारा आत शिरतो आणि खाली खोलीत उतरतो. विजेचा पंखा नव्हता तेव्हा उन्हाळा असा काढायचे. आम्ही पाळीपाळीने त्याखाली उभे राहिलो. मार्चची हवा होती, तरी खाली येणारा वारा केसांना लागत होता.

बाईंनी विचारले, "हा 'गीर' मराठीत कुठे भेटतो?" कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी फळ्याऐवजी वहीवर लिहिले : जहागीर. जा म्हणजे जागा. जागा धरणारा तो जहागीरदार! इतिहासाच्या पुस्तकात हा शब्द आम्ही किती वेळा वाचला असेल.

२. आजीची नथ कुठून आली?

मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांतून एक पायवाट आखलेली आहे. तिला 'मोत्यांची वाट' म्हणू या. ती सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. मोत्यांच्या व्यापाराशी संबंधित सतरा इमारती, समुद्रातल्या शिंपल्यांच्या तीन जागा, किनाऱ्याचा एक तुकडा आणि बू माहिर नावाचा किल्ला, एवढे सगळे मिळून २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. जुने मुहर्रक पुन्हा उभे करण्याच्या या कामाला २०१९ साली आगाखान वास्तुकला पुरस्कारही मिळाला.

ही वाट खरे तर समुद्राकडून सुरू होते आणि गावात संपते. बाईंनी ती उलटी धरली. "आज शेवट समुद्रावर करायचा आहे," असे त्या म्हणाल्या.

सियादी हे मोत्यांचे मोठे व्यापारी घराणे. त्यांचे घर, मशीद आणि पाहुण्यांना बसवायची 'मजलिस' अशा तीन इमारती तिथे आहेत. मजलिस म्हणजे बसण्याची जागा, बैठक. मराठीत गाण्याची 'मजलस' रंगते, ती हीच.

बाहेर सावलीत बसून बाईंनी मोती काढायची पद्धत सांगितली. ती अशी :

उन्हाळ्यात, सुमारे चार महिने, शिडाची गलबते समुद्रात जात. पाणबुड्या नाकाला चिमटा लावी, गळ्यात जाळीची टोपली अडकवी आणि पायाला दगड बांधून तळाशी जाई. त्याच्या कमरेची किंवा टोपलीची दोरी वर गलबतात दुसऱ्या माणसाच्या हातात असे. दगडामुळे पाणबुड्या झटकन खाली पोहोचे. एक-दीड मिनिटात जेवढे शिंपले हाताला लागतील तेवढे गोळा करी. दम संपला की दोरीला हिसका देई आणि वरचा माणूस त्याला ओढून घेई. दिवसभर असेच, पुन्हा पुन्हा. आणि इतके करून बहुतेक शिंपले रिकामेच निघत.

"मग पाणबुडे श्रीमंत असतील ना?" आमच्यातल्या सर्वांत धाकट्याने विचारले.

नाही. घरी महिनोन्‌महिने नसणार म्हणून ते आगाऊ पैसे घेऊन कुटुंबाला देऊन जात. हंगामात मोती कमी मिळाले की ती उचल फिटत नसे. पुढच्या वर्षी आणखी उचल. बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येई आणि मुलालाही त्याच गलबतावर जावे लागे. १९२० नंतरच्या वर्षांत इथे सुधारणा झाल्या, तेव्हा ही पद्धत थोडी सैल झाली. हे ऐकून आम्ही गप्प बसलो. काकाही थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरच्यांसाठी घरापासून लांब जाणारी माणसे सगळ्या काळांत असतात."

आता आजीच्या नथीकडे येऊ. इथले मोती विकायला कुठे जात? मुंबईला! आखाती मोत्यांची सगळ्यांत मोठी पेठ मुंबई होती. तिथे मोत्यांची प्रतवारी होई, त्यांना भोके पाडली जात, सर ओवले जात आणि मग ते युरोपापर्यंत पोहोचत. आपल्या घरांत 'बसरा मोती' हा शब्द आहे ना? बसरा हे इराकमधले बंदर. तिथल्या व्यापारामुळे नाव बसऱ्याचे पडले, पण ते मोती या आखातातले. नथ, कुड्या, तन्मणी, चिंचपेटी या आपल्या दागिन्यांत ते बसले. मैत्रिणीच्या आईची नथ तिच्या पणजीची आहे. ती त्या दिवशी हातातल्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेली होती. काकूंनी ती उघडून दाखवली. ती नेमकी याच समुद्रातली आहे, असे कुणी सांगू शकत नाही. पण असूही शकते. तसे असेल तर नथीने हा प्रवास एकदा केलेलाच आहे.

पुढे काय झाले? जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती 'पिकवण्याची' रीत यशस्वी केली. ते मोती स्वस्त पडू लागले. १९२९ नंतर जगभर मंदी आली. मोत्यांचा भाव पडला आणि १९३० नंतरच्या दहा वर्षांत हा धंदा बसला. त्याच सुमारास, १९३२ साली, बहरीनमध्ये तेल सापडले. आखाताच्या अरबी बाजूला सापडलेले हे पहिले तेल. पाणबुड्यांची मुले तेलाच्या कामाला लागली. आणि काही वर्षांनी त्याच कामांसाठी आपल्याकडची माणसे इथे येऊ लागली.

३. बाजारातले उसने शब्द

दुपारी कैसरिया बाजारात गेलो. जुन्या, झाकलेल्या गल्ल्यांचा हा बाजार. मुहर्रकचा हलवा प्रसिद्ध आहे. पिठी, साखर, तूप, केशर, वेलची आणि सुका मेवा घालून तो मोठ्या कढईत सतत हलवत राहतात. चव पाहिली तर आपल्या मुंबईच्या हलव्याचा सख्खा भाऊ! दुकानदाराने चमच्याने सगळ्यांना थोडा थोडा वाढला. काकांनी गावाकडे न्यायला एक डबा घेतला.

नंतर गहवा म्हणजे वेलची घातलेली अरबी कॉफी मिळाली. लहानशा फिंजानात थोडीच ओततात. प्यायलो की लगेच पुन्हा भरतात. आमच्यातल्या एकाने चार फिंजान प्यायले, कारण 'पुरे' कसे म्हणायचे हे त्याला ठाऊक नव्हते. काकांनी दाखवले : रिकामा फिंजान परत देताना हलकेच हलवायचा. मग वाढणारा समजतो.

शेजारच्या टपरीवर चहा होता. त्याला इथे 'करक' म्हणतात. ओळखलात? आपला कडक चहा! म्हणजे आपण त्यांच्याकडून शब्द घेतले तसे त्यांनीही आपल्याकडून घेतले. नुसते शब्दच नव्हेत. १९६५ साली दिनार येईपर्यंत बहरीनमध्ये रुपयाच चालत होता. दहा रुपयांना एक दिनार, असा तेव्हा बदलून दिला.

बाजारातच आम्ही ही यादी केली :

* दुकान, साबण, हलवा, अत्तर : अरबीतून आलेले, अर्थ जवळजवळ तोच.
* हिशेब : अरबीत 'हिसाब'.
* तारीख : अरबीत 'तारीख' म्हणजे दिनांकही आणि इतिहासही.
* नाखवा : कोकणातला गलबताचा प्रमुख. इथे 'नाखुदा'. फारसी नाव (होडी) आणि खुदा (मालक) यांपासून.
* दाणा : इथे 'दाना' म्हणजे मोठा, उत्तम मोती.
* मुक्काम : अरबीत 'मकाम', म्हणजे जागा, थांबण्याचे ठिकाण.

आणि बहरीन? 'बहर' म्हणजे समुद्र. 'बहरैन' म्हणजे दोन समुद्र. अरबीत एकवचन, अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचनही असते, संस्कृतसारखे. दोन समुद्र कोणते, याबद्दल अनेक मते आहेत. पण समुद्राच्या तळाशी इथे गोड्या पाण्याचे झरे होते आणि पाणबुडे बुडी मारून तिथून पिण्याचे पाणी भरून आणत, ही गोष्ट मात्र खरी आहे. खाऱ्याच्या पोटात गोडे.

४. "मी कुठली म्हणून सांगू?"

डबे आम्ही तीन वाजता खाल्ले : थालीपीठ, दहीभात, लिंबाचे लोणचे. मैत्रीण फार बोलत नव्हती. शेवटी तिने विचारले, "बाई, तिकडे नवीन शाळेत विचारतील, तू कुठली? मी काय सांगू? बहरीनची म्हटले तर हसतील. गावची म्हटले तर मला गावातले रस्तेसुद्धा माहीत नाहीत."

हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकाचा आहे. सुट्टीत गावी गेले की लोक दोन प्रश्न विचारतात : "कधी आलात?" आणि लगेच, "कधी जाणार?" इथे बहरीनमध्येही तेच विचारतात. काकू म्हणाल्या, "आता निदान दुसरा प्रश्न कुणी विचारणार नाही." त्या हसल्या, पण डोळे पुसत होत्या.

बाईंनी लगेच उत्तर दिले नाही. त्या म्हणाल्या, "किल्ल्यावर जाऊ. तिथे एका माणसाची गोष्ट सांगते."

बू माहिर किल्ला मुहर्रकच्या दक्षिण टोकाला आहे. रायगड, सिंधुदुर्ग पाहिलेल्यांना तो चिमुकला वाटेल. पण मोत्यांची गलबते निघत ती याच किनाऱ्यावरून. बायका-मुले इथे निरोप द्यायला येत. गलबतावर गाणारा एक खास माणूस असे, त्याला 'नह्हाम' म्हणत. पाणबुड्यांच्या त्या गाण्यांना 'फिजिरी' म्हणतात. २०२१ साली युनेस्कोने त्यांचीही नोंद घेतली.

दगडावर बसून बाईंनी सांगितलेली गोष्ट :

"साडेपाचशे वर्षांपूर्वी रशियात त्वेर नावाच्या शहरात अफनासी निकितिन नावाचा व्यापारी राहत होता. व्यापारासाठी निघाला आणि वाटेत लुटला गेला. परत कसा जाणार? म्हणून पुढेच चालत राहिला. इराण ओलांडून तो या आखाताच्या तोंडाशी, होर्मुझला आला. तिथून एक घोडा घेऊन गलबताने आपल्या चौलला उतरला. चौलहून जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला, धर्म बदललास तर परत देईन म्हणाला! शेवटी दुसऱ्या एका माणसाने मध्यस्थी केली आणि घोडा मिळाला. पुढे तो बिदरपर्यंत फिरला. लोक काय खातात, काय नेसतात, पावसाळा किती दिवस चालतो, सगळे लिहीत राहिला. घरची आठवण येई, सण कधी आले नि गेले हे कळेना, तेही त्याने लिहिले. परत जाताना दाभोळहून गलबत पकडले. पण त्वेरला तो पोहोचला नाही. वाटेत, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची वही मात्र पोहोचली. आज त्वेरमध्ये व्होल्गेच्या काठी त्याचा पुतळा आहे आणि आपल्या जुन्नर-चौलची त्या काळची माहिती आपण त्याच्या वहीतून वाचतो."

"म्हणजे तो कुठला?" आम्ही विचारले.

"त्वेरचाच. पण चौलचे लोकही त्याला थोडा आपला मानतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात," बाई म्हणाल्या. मग मैत्रिणीला म्हणाल्या, "तुला कुणी विचारले तर एका शब्दात सांगायची सक्ती नाही. वही काढ आणि आजचा दिवस लिही. ज्याला खरेच जाणून घ्यायचे असेल त्याला ती वाचून दाखव."

मैत्रिणीला हे पूर्ण पटले की नाही, आम्हांला माहीत नाही. पण तिने वही काढली. सूर्य मावळेपर्यंत ती लिहीत होती. डोक्यावरून विमाने विमानतळाकडे उतरत होती.

५. 'जाते' नव्हे, 'येते'

रात्री विमानतळावर आम्ही सगळे गेलो. काकूंच्या शेजारणीने डब्यातून दही आणले होते; तिघांच्याही हातावर घातले. मैत्रीण म्हणाली, "चला, मी जाते."

बाई थांबल्या. "शेवटची चूक सुधारून जा! मराठीत निघताना काय म्हणतात?"

ती हसली आणि म्हणाली, "येते मी."

आम्ही सगळे एका आवाजात म्हणालो, "ये!"

मित्रांनो, हा आपल्या भाषेचा एक सुंदर रिवाज आहे. निघणारा 'येतो' किंवा 'येते' म्हणतो, राहणारा 'ये' किंवा 'या' म्हणतो. अरबीत निघणाऱ्याला 'म'अस्सलामा' म्हणतात, म्हणजे सुखरूप राहा. रशियनमध्ये 'दो स्विदानिया' म्हणतात, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. रशियन लोक लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी घरात क्षणभर शांत बसतात. रीती वेगवेगळ्या, मनात एकच.

आणखी एक शब्द पाहा : निरोप. 'निरोप दिला' म्हणजे पाठवणी केली. 'निरोप आला' म्हणजे बातमी आली. दूर गेलेल्या माणसाशी संबंध तुटत नाही, तो निरोपाने चालू राहतो. मैत्रिणीचा निरोप गेल्या आठवड्यात आला : हलवा संपला, शाळेत कुणी हसले नाही, आणि वहीतला बादगीरचा भाग तिने वर्गात वाचून दाखवला.

तिचा नवा पत्ता सुरू होतो 'मु. पो.' असा. मु. म्हणजे मुक्काम. तो शब्द कुठून आला, हे तुम्हांला आता माहीत आहे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर लिहा :
(अ) बादगीर म्हणजे काय? (आ) 'बसरा मोती' हे नाव कशामुळे पडले? (इ) बहरीनमध्ये तेल कोणत्या साली सापडले? (ई) निकितिन महाराष्ट्रात कोणत्या बंदरावर उतरला?

२. कारणे द्या :
(अ) पाणबुडे पायाला दगड बांधत. (आ) पाणबुड्यांचे कर्ज फिटत नसे. (इ) मोत्यांचा धंदा बसला.

३. 'निरोप' हा शब्द दोन वेगवेगळ्या अर्थांनी वाक्यांत वापरा.

४. योग्य शब्द भरा : आजी निघताना म्हणाली, "बरं, मी ______." आम्ही म्हणालो, "______, आजी." (येते / जाते, ये / या. आपल्या घरी आजीला 'ये' म्हणतात की 'या', ते आईला विचारा.)

५. आपल्या घरातल्या बोलण्यात येणारे पाच शब्द शोधा, जे अरबी बोलणाऱ्या शेजाऱ्यालाही कळतील.

६. तुम्ही बहरीन सोडून निघाला आहात आणि हाती एकच दिवस आहे. कुठे जाल? दहा ओळी लिहा.

पालकांसाठी : सहावा प्रश्न आपणही सोडवावा. मुलांनी लिहिलेले आणि आपण लिहिलेले शेजारी ठेवून वाचावे. मुलांच्या यादीत कदाचित कोपऱ्यावरचे दुकान, शाळेची बस किंवा इमारतीची गच्ची असेल. ते चुकीचे उत्तर नव्हे. निवडक उत्तरे पुढच्या अंकात घेऊ, आणि एक प्रत सांगलीला पाठवू.